शिमोकिताझावातलं व्हीगन जपानी रेस्टॉरंट: बरेच महिने खाऊन झाल्यावर

टोक्योत शाकाहारी माणसाला मांसापेक्षा जास्त छळते ती दाशी, म्हणजे जपानी रश्श्यांचं मूळ पाणी. कात्सुओबुशी म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या माशाचा कीस, त्याचं ते पाणी जिथेतिथे असतं, मिसो सूपमध्ये, सोबा नूडल्सच्या रश्श्यात म्हणजे त्सुयूत, टेम्पुरा बुडवायच्या सॉसमध्ये, इतकंच काय, इनारीचा तो गोडसर तोफूचा पापुद्रा पण बहुतेक ठिकाणी त्यातच शिजवलेला. 'यासाई रामेन' (भाज्यांचं रामेन) मागवलं तर वर कोबी-मोड आणि खाली डुकराच्या हाडांचं सूप. म्हणजे आधी वेटरची उलटतपासणी, मग तो आत विचारून येणार, मग कमरेत वाकून सॉरी, मग आपण घरी येऊन वरणभात.

म्हणून निशिकासाई स्टेशनवरून तोझाई लाइन, मग ओतेमाचीला बदलून चियोदा लाइन (पुढे ओदाक्यू लाइनवर थेट जाणारी गाडी मिळाली तर उत्तमच) असं करत आम्ही गेल्या हिवाळ्यापासून शिमोकिताझावाला जातोय. जुन्या कपड्यांची दुकानं, लाइव्ह हाऊस (गाण्याच्या कार्यक्रमांच्या छोट्या जागा), करीची हॉटेलं, सगळी तरुण गर्दी, त्यातच एका गल्लीत हे छोटंसं रेस्टॉरंट. दारातच तिकिटाचं मशीन, बटण दाबा, चिठ्ठी द्या, बसा.

तानतानमेन म्हणजे तिळाचं तिखट रामेन घ्या, बाकी नंतर बघू. सूप सोया दुधाचं, त्यात भरपूर तिळाची पेस्ट, वर रायूचे (मिरचीच्या तेलाचे) केशरी थेंब तरंगतायत, सोयाचा खिमा आणि वाफवलेलं चिंगेनसाई (पाक चोय ही पालेभाजी). पण खरी जादू खालच्या दाशीत, कोंबू म्हणजे समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिइताके मशरूम. १९०८ साली इकेदा किकुनाए यांनी उमामी चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं ते याच कोंबूतून, आणि शिइताकेतलं ग्वानिलेट सोबत आलं की चव दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. मासळीचं काम मशरूमने केलंय आणि कुठे कमी पडलंय असं अजिबात वाटत नाही, मी वाटीच्या तळाचं सूप पण पिऊन टाकतो. एखाद्या दिवशी गर्दीत सूप जास्त उकळलं की सोया दूध फाटून कणीदार होतं, हे झालंय, पण क्वचित.

नासू देन्गाकु (मिसो लावून भाजलेलं वांगं) पण मस्तच, वांग्याचा गर चमच्याने निघतो आणि वरचा गोडसर मिसो कडेने जरा करपलेला, ती कड आमच्यात वाटून घ्यावी लागते. आगेदाशी तोफू (दाशीतला तळलेला तोफू) ठीक.

आता नावडतं. सोया मीटचं 'कराआगे' (जपानी फ्राइड चिकनची नक्कल) घेऊ नका. पहिला घास कुरकुरीत, मग थेट हॉस्टेलच्या मेसमधली सोया चंक्सची भाजी, आणि किंमत बघितली तर अजूनच डोकं फिरतं. मला तर कळतच नाही, ज्या देशात युबा (सोया दुधाची साय), कोयादोफू (गोठवून वाळवलेला तोफू), कोन्न्याकु (कंदाची जेलीसारखी वडी), नात्तो (आंबवलेले सोयाबीन) असं सगळं शतकानुशतकं आहे तिथे चिकनची नक्कल कशाला करायची? असो, तरुण पोरं तेच मागवताना दिसतात. संध्याकाळी गेलं की न मागता ओतोशीची (सुरुवातीच्या छोट्या पदार्थाची) वाटी येते आणि तिचे पैसे वेगळे द्यावे लागतात, हे इझाकायाचं म्हणजे जपानी दारूच्या गुत्त्याचं खूळ इथे नसतं तरी चाललं असतं. भाव पण मध्ये वाढवले आणि वाढवताना तिळाची पेस्ट जरा पातळ झाली असा माझा संशय आहे, बायको म्हणते तुझे भास.

आई आली होती तेव्हा चातुर्मास, कांदा-लसूण नाही. व्हीगन असलं म्हणजे लसूण नसेलच असं नाही, रामेनमध्ये तर असतोच. पण इथे मेन्यूवर 'गोकुन' (कांदा-लसणासारख्या पाच उग्र भाज्या) नसलेल्या डिशेसना वेगळी खूण आहे. शोजिन र्योरी म्हणजे बौद्ध देवळातल्या जेवणातही कांदा-लसूण वर्ज्य, तीच परंपरा, त्यामुळे समजवायला काही लागलंच नाही. आई निवांत जेवली, फक्त 'वरून जरा मीठ घाल' म्हणाली.

शनिवारी दुपारी बाराच्या आत पोचा, नंतर लाइन लागते. स्ट्रोलर आत नेता येत नाही आणि काउंटरची स्टुलं उंच आहेत, लहान मूल असेल तर पार्सल घ्या, टॅक्स पण १० ऐवजी ८ टक्केच लागतो, फक्त रामेन पार्सल नको, घरी येईपर्यंत नूडल्सचा लगदा होतो.