कॉइलओव्हर की साधा डॅम्पर-स्प्रिंग सेट? फोक्सवॅगन पोलोवाल्यांसाठी

माझी गाडी एकच, रोज नाशकात अंबडला कामाला तीच आणि वर्षातून एकदा-दोनदा कोईमतूरला करी रेसट्रॅकवर पण तीच, चालवत नेतो आणि चालवतच आणतो. दोन्ही सेट वापरून झालेत, आधी कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्परचा (शॉकअब्सॉर्बरचा) असा सेट ज्यात गाडीची उंची आणि रिबाउंड (दबलेली स्प्रिंग किती जोरात परत उघडते ते) ॲडजस्ट होतं, आता बिल्स्टाइनचा बी8 हा साधा डॅम्पर आणि गाडी थोडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग.

ट्रॅकवर कॉइलओव्हर भारी, वादच नाही. करी 2.1 किलोमीटरचा, वळणं भरपूर, आणि वर कॅम्बर प्लेट असली की पुढच्या चाकांना हवा तेवढा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकवणं) देता येतो, मग गाडीचं नाक मुकाट आत वळतं आणि टायरची बाहेरची कड सोलून निघत नाही. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा बीम, तिथे कॅम्बर तसाही हलवता येत नाही. बी8 वर नाक थोडं बाहेर पळतं. घड्याळ लावून बघितलं नाही, पण हाताला कळतं.

पण माझं डोकं फिरवलं ते रिंगने. कॉइलओव्हरची उंची वर-खाली करायची रिंग ॲल्युमिनियमची, आटे स्टीलचे, त्यात कसारा-इगतपुरीचा अख्खा पावसाळा आणि पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल. दिवाळीत सगळ्यांना घेऊन गावाला जायचं म्हणून गाडी वर घ्यायला बसलो, उजवी फिरली, डावी हलेना. रात्री स्प्रे मारून ठेवला, सकाळी भावाने हुक पान्यावर पाय दिला तर कट्ट करून रिंगची खाचच तुटली. मग काय, एक खांदा पडलेली गाडी घेऊन गेलो गावाला. बरं, उंची बदलली की टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते) पण बदलतो, म्हणजे दरवेळी अलाइनमेंटचे पैसे वेगळे. ज्या ॲडजस्टसाठी जास्त पैसे मोजले तेच करता येईना.

बी8 ला फिरवायला काही नाहीच. बसवला, एकदा अलाइनमेंट केली, दोन पावसाळे विसरलोय. कमी स्पीडला खड्ड्यात कडक लागतो, गंगापूर रोडच्या स्पीडब्रेकरवर आई अजून बोलते, पण आधी ती मागे बसायलाच तयार नसायची.

ट्रॅकसाठी वेगळी गाडी असेल, किंवा दर महिन्याला खाली झोपून आटे धुवून अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावायची हौस असेल तर बिनधास्त कॉइलओव्हर घ्या, मला नाही जमलं. सेकंडहँड बघत असाल तर गाडीखाली जाऊन चारही रिंगा स्वतः फिरवून बघा. माझा जुना सेट जिन्याखाली पडलाय, डावी अजून तशीच जाम आहे.