जीसीसी १५ : कोबोलचे आगमन आणि युनियनमधला निसटता बदल

जीसीसी हा मुक्त कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन. एप्रिल २०२५मध्ये आलेल्या त्याच्या १५व्या आवृत्तीत मला सर्वांत मोलाची वाटली ती कोबोल या भाषेच्या फ्रंट-एंडची, म्हणजे ती भाषा वाचून समजून घेणाऱ्या भागाची, भर. १९८७ साली सी भाषेसाठी सुरू झालेल्या या कंपायलरने पुढे फोर्ट्रान, एडा, गो आणि डी सामावून घेतल्या, २०२३च्या तेराव्या आवृत्तीत मॉड्युला-२ आणली, आणि आता आर्थिक व्यवहारांचे अनेक जुने हिशेब आजही सांभाळणारी कोबोलही त्याच घरात आली. ग्नूकोबोल हे मुक्त साधन आधीपासून आहे, पण ते कोबोलचे आधी सीमध्ये रूपांतर करते. जीकोबोल हा नवा फ्रंट-एंड मात्र कोबोलचा कोड थेट जीसीसीच्या अंतर्गत रूपात उतरवत असल्यामुळे त्याला ऑप्टिमायझेशनची (कोड अधिक कार्यक्षम करण्याची) संपूर्ण यंत्रणा मधल्या टप्प्याशिवाय मिळते. स्रोतापासून कंपायलर बांधताना भाषांच्या यादीत कोबोलचे नाव आवर्जून द्यावे लागते, एवढे ध्यानात ठेवावे. रस्टचा फ्रंट-एंड अजून प्रायोगिकच आहे.

रोजच्या कामावर खरा परिणाम करणारा बदल मात्र सीचाच आहे: कोणतेही मानक न सांगितल्यास आता ग्नू विस्तारांसह (जीसीसीच्या स्वतःच्या जादा सोयींसह) सी२३ हे सीचे नवे मानक गृहीत धरले जाते. त्यामुळे फंक्शनच्या घोषणेतील रिकाम्या कंसांचा अर्थ ‘आर्ग्युमेंट्स नाहीत’ असाच होतो, आणि ‘बूल’ हा कीवर्ड झाल्याने त्याच नावाचा स्वतःचा टाइप घोषित करणारा जुना कोड कंपाइल होत नाही. ही अडचण मला योग्यच वाटते, कारण रिकाम्या कंसांआड चुकीच्या आर्ग्युमेंट्सचे दोष वर्षानुवर्षे दडून राहत असत. ज्यांना सवड नाही त्यांना जुने मानक स्पष्टपणे निवडता येते.

माझी खरी काळजी वेगळ्या बदलाविषयी आहे. युनियन म्हणजे अनेक मेंबर्सनी (घटकांनी) मेमरीची एकच जागा वाटून घेणारी रचना. महिरपी कंसांत शून्य देऊन युनियन इनिशियलाइझ केल्यास (तिला सुरुवातीची किंमत दिल्यास) पूर्वी ती सगळीच शून्य होत असे. आता, स्टॅटिक साठवणीतल्या युनियन वगळता, केवळ पहिल्या मेंबरची हमी आहे, उरलेल्या बाइट्सची नाही. येथे कंपायलर एरर देत नाही, प्रोग्राम चालतो, आणि दोष कुठेतरी पुढे उमटतो. जुने वर्तन परत आणणारा पर्याय दिलेला आहे खरा, परंतु ज्याला हा बदलच ठाऊक नाही तो त्या पर्यायापर्यंत पोहोचणार कसा? म्हणून जुना प्रकल्प या आवृत्तीवर नेताना युनियनची प्रत्येक इनिशियलायझेशन आधी तपासावी आणि मगच ‘एम्बेड’ची (एखादी फाइल थेट कोडमध्ये समाविष्ट करण्याची) नवी सोय किंवा सी++मधील मॉड्यूलरूपी मानक लायब्ररी यांच्याकडे वळावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.