सामायिक क्लस्टरवर व्हीएस कोड की टीमक्स-विम?

सामायिक क्लस्टर म्हणजे अनेकांनी वाटून वापरायचा संगणकांचा संच. तिथला कोड आपल्या खिडकीत उघडायला व्हीएस कोड या संपादकाचे रिमोट-एसएसएच सोयीचे आहे, पण त्याचा भार कुठे पडतो हे आधी पाहा. जोडणी होताच होम फोल्डरमध्ये 'व्हीएसकोड-सर्व्हर' उतरतो आणि लॉगिन नोडवर (सगळे जिथून आत येतात त्या संगणकावर) नोड-जेएसच्या, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या, प्रक्रिया सुरू होतात. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर सर्व्हरची नवी प्रत येते. जुन्या प्रती साचल्या तर कोटा (आपल्या वाट्याची डिस्क-जागा) भरतो आणि मग जोडणीच अडकते. लाखो फाइलींचे डेटा-फोल्डर उघडले की फाइल-वॉचर (फाइलींतले बदल टिपणारा भाग) सामायिक डिस्कला छळतो. म्हणून फक्त कोडचे फोल्डर उघडा आणि डेटा 'वॉचर-एक्स्क्लूड' या सेटिंगमध्ये टाका. सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर तर हा पर्याय जवळपास बंदच: व्हीएस कोडच्या १.९९ पासूनच्या आवृत्त्यांना जीलिबसी (लिनक्सची मूळ सी-लायब्ररी) २.२८ लागते, तिथे २.१७ आहे.

टीमक्स (टर्मिनलचे सत्र सर्व्हरवर चालू ठेवणारे साधन) आणि विम (टर्मिनलमधला संपादक) ही जोडी काही एमबी मेमरीत भागते, नेट तुटले तरी सत्र जिवंत राहते. मात्र लॉगिन नोड अनेक असतील तर त्याच नोडवर परतावे लागते. सत्र हरवल्याची तक्रार बहुधा यातूनच येते. शिकायला वेळ लागतो, हे खरे.

मोठ्या पायथन प्रकल्पात डीबगरसाठी (चुका शोधण्याच्या साधनासाठी) व्हीएस कोडच घ्यावा, पण स्लर्मकडून (कामे वाटून देणाऱ्या प्रणालीकडून) कंप्युट नोड, म्हणजे प्रत्यक्ष गणना करणारा संगणक, मागून, प्रॉक्सीजंपने (लॉगिन नोडमार्गे जाणाऱ्या एसएसएच जोडणीने) तिथे. जॉब-स्क्रिप्टमधल्या (स्लर्मला काम सांगणाऱ्या फाइलीतल्या) दोन ओळी बदलायला विम पुरते.