डबा नावाजलेला, आत डिस्क भलत्याच

कोऱ्या डीव्हीडींचा पन्नासचा डबा घेणार असाल तर आधी हे वाचा. इंदूरच्या जेल रोडवर मला एक डबा 'असली जापानी माल' म्हणून विकला गेला आणि त्यापायी माझ्या काकांची कीर्तनं गेली.

काकांच्या कॅसेटना बुरशी धरू लागली, म्हणून सगळी कीर्तनं संगणकावर उतरवली, डीव्हीडी करून नातेवाइकांत वाटली. बर्न झाल्यावर प्रत्येक डिस्क व्हेरिफाय केली होती, एकही चूक निघाली नाही. वर्ष उलटलं आणि देवासहून आत्याचा फोन आला, "पूर्वरंग छान ऐकू येतो रे, उत्तररंगात दादा मधेच अडकतो." माझी प्रत लावली, तिचीही तीच गत. आख्यान ऐन रंगात येतं आणि ड्राइव्ह नुसता घरघरत बसतो.

डिस्कवर लिहिणं मध्यापासून कडेकडे जातं. हलक्या मालाची कडच आधी दगा देते, म्हणजे शेवटची फाइल पहिली जाते. शिवाय बारीकसारीक चुका ड्राइव्ह वाचतानाच दुरुस्त करून घेतो, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या व्हेरिफायवरून डिस्क टिकेल की नाही ते कळत नाही.

उरलेल्या कोऱ्या डिस्क ट्यूबलाइटखाली धरून पाहिल्या. एकाच डब्यात काही गडद जांभळ्या, काही फिकट. मधल्या पारदर्शक कड्यावरचे आकडेही दोन धाटणीचे. इमगबर्न या डिस्क बर्न करायच्या प्रोग्रॅममध्ये डिस्कचा मीडिया कोड, म्हणजे ती कुणी बनवली त्याची खूण, दिसतो, तो कारखान्यातच उमटवलेला असतो. इथे कोड दोन निराळ्या कारखान्यांचे निघाले. मोठ्या कंपन्याही बाहेरून माल करून घेतात, तेवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नये. पण सीलबंद डब्यात अशी मिसळ म्हणजे डबा मागाहून भरलेला.

दुकानदार म्हणाला, "भैया, गर्मी में रखी होगी." त्याच बंद कपाटातल्या माझ्या जुन्या व्हर्बेटिम डिस्क आजही शेवटपर्यंत वाजतात! पक्कं बिल त्यानं दिलंच नव्हतं, हातात नुसती कच्ची चिठ्ठी. "ये माल हमारा है ही नहीं," म्हणून हात झटकले. तोवर संगणकाची हार्ड डिस्क बसली होती आणि काही कॅसेट वाजण्यापलीकडे गेल्या होत्या. ती आख्यानं आता कुठेच नाहीत. याचा संताप अजून जात नाही.

तेव्हा डबा उचलण्याआधी एक सुटी डिस्क घेऊन कोड बघा. कोडचीही नक्कल होते, म्हणून कंपनीचं नाव लिहिलेलं पक्कं बिल घ्याच. कोऱ्या डिस्क बनवणाऱ्या जपानच्या तैयो युदेननं 2015 मध्ये या धंद्यातून अंग काढून घेतलं, आपल्याकडची मोझर बेअर 2018 मध्ये अवसायनात गेली. या नावांचा 'आत्ताच आलेला ताजा माल' कुणी दाखवला तर सरळ पायरी उतरा.

आणि असा डबा आधीच वापरला असेल तर आजच प्रत्येक डिस्कची शेवटची फाइल उघडून बघा. अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये, कमी वेगावर वाचून बघा. निघेल तेवढं लगेच हार्ड डिस्कवर काढून घ्या.