गॅरेजने काम बिघडवलं: बोलून मिटवायचं की ग्राहक आयोगात जायचं?

कोकणात गॅरेजवाल्याशी वाद म्हणजे निव्वळ पैशाचा मामला नसतो. आज ज्याला नोटीस धाडाल, त्यालाच पुढच्या पावसात रात्री भोस्ते घाटातून फोन करायची वेळ येऊ शकते. त्यामुळे ‘सरळ केस ठोका’ हा शहरातला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. पण ‘जाऊ दे, गावातलाच आहे’ म्हणून वीस-पंचवीस हजारांवर पाणी सोडायचं, हेही मला पटत नाही. मुख्य वाटा दोनच: त्याच्याशीच बसून तोडगा काढायचा किंवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायची. हेल्पलाइन आणि लोकअदालत या दोन्हींच्या मधे येतात.

एक उदाहरण धरू, म्हणजे तुलना हवेत राहणार नाही. गाडी गरम होत होती म्हणून हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवलं, फेसिंग केलं म्हणजे त्याचा तळ घासून सपाट केला, मधलं सील म्हणजे गॅस्केट नवीन टाकलं, इंजिन गार ठेवणारं कूलंट भरलं. बिल झालं १८,००० रुपये. दोन-तीन आठवड्यांनी कोल्हापूरला जाताना आंबा घाटात तापमानाचा काटा पुन्हा लालात गेला.

दोन्ही वाटांच्या आधी: गाडी आहे तशी ठेवा

बहुतेक जण इथेच फसतात. काटा वर गेला तरी ‘साखरप्यापर्यंत तरी नेऊ’ म्हणून गाडी तशीच दामटतात आणि पुढे गॅरेजवाला म्हणतो, “गरम झालेली गाडी तुम्ही चालवलीत, हेड तुमच्यामुळे वाकलं.” त्याचं म्हणणं खोडून काढणं अवघड जातं, कारण तसं खरंच होतं. म्हणून गाडी बाजूला घ्या, बंद करा, काट्याचा आणि किलोमीटरचा फोटो काढा, टोचन करून आणा. टोइंगची पावती ठेवा, ती नुकसानभरपाईत धरता येते.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. आतल्या बाजूला साय धरल्यासारखा पिवळट-पांढरा थर दिसला तर कूलंट ऑइलमध्ये उतरत असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. मात्र आपल्याकडच्या दमट हवेत, रोज बाजारापुरतीच गाडी काढणाऱ्यांच्या झाकणाखाली नुसत्या वाफेनेही असा पातळ थर धरतो आणि मुरलेला मेकॅनिक पहिला हाच मुद्दा काढेल. म्हणून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टीही ओढून बघा. तिच्यावरचं ऑइलसुद्धा दुधट असेल आणि कूलंटच्या टाकीतली पातळी उतरलेली असेल, तर तुमच्या बोलण्याला वजन येतं. तिन्हींचे फोटो त्याच दिवशी गॅरेजवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवा. सोबत भांडण नको, दोनच ओळी: काय झालं, कुठे झालं.

दुसऱ्या गॅरेजात गाडी लगेच उघडून घेऊ नका. एकदा दुसऱ्याने हेड उतरवलं की पहिल्याने नेमकं काय चुकवलं, हे सिद्ध करणं जवळपास संपलं. आधी पहिल्याला लेखी कळवा, त्याला बघायची संधी द्या. त्याने टाळाटाळ केली, तर उघडताना व्हिडिओ घ्या आणि निघालेला जुना गॅस्केट, बोल्ट, जे काही असेल ते पिशवीत बांधून घरी आणा. घरच्यांनी नाक मुरडलं तरी चालेल.

बोलून मिटवणं

हातात काय पडतं? बहुधा काम फुकटात परत करून मिळतं, फार तर नवीन पार्टचे पैसे निम्मे-निम्मे. रोख परतावा क्वचितच, मनस्तापाची भरपाई तर विसराच. पण आठवड्याभरात गाडी रस्त्यावर येते आणि संबंध टिकतात.

कुडाळ-मालवणकडे फोन केलात की पहिलं उत्तर ठरलेलं: “घेवन येवा, बघतंय.” त्यात खोट असतेच असं नाही. काम बिघडण्याचं कारण पुष्कळदा मजुरीत नसून पार्टात असतं, आणि तो पार्ट त्याने स्पेअर पार्टच्या दुकानातून आणलेला असतो. म्हणून बसायचं ठरलं तर सरपंचापेक्षा त्या दुकानदाराला मधे घ्या. गॅरेजवाल्याची उधारी त्याच्याकडे चालते, त्यामुळे त्याचा शब्द सहसा मोडला जात नाही. शिवाय ओरिजिनल म्हणून लावलेला पार्ट लोकल होता का, हे त्याच्या बिलबुकात दिसतं.

तोडगा निघाला की तो कागदावर घ्या. ‘अमुक काम अमुक तारखेपर्यंत विनामूल्य करून देईन, सहा महिन्यांत तोच दोष आला तर मजुरी घेणार नाही’ एवढं आणि सही. सही मागायला संकोच वाटत असेल तर हाच मजकूर तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवा आणि त्याच्याकडून ‘ठीक आहे’ घ्या.

वेळेचंही भान हवं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात गॅरेजात पाय ठेवायला जागा नसते. त्यात ‘आत्ताच्या आत्ता करून द्या’ म्हटलंत तर दुसऱ्यांदाही घाईचंच काम मिळेल. लेखी कळवायचं मात्र लगेच, बसायचं विसर्जनानंतर.

आणि एक अडचण: पैसे पूर्ण दिलेले नसतील तर तो गाडी अडवून ठेवू शकतो. लोकांना ही दादागिरी वाटते, पण १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७० त्याला तो हक्क देतं. वस्तूवर मेहनत केली असेल तर मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू राखता येते. अर्थात काम करारानुसार झालेलं असावं लागतं, आणि वाद नेमका त्यावरच असतो. पण तो वाद सुटेपर्यंत गाडी खाऱ्या वाऱ्यात, पत्र्याच्या शेडबाहेर गंजत उभी राहणार असेल तर नुकसान तुमचंच. माझं मत स्पष्ट आहे: बिलावर ‘हरकत राखून रक्कम दिली’ असं लिहा, पैसे यूपीआयने द्या आणि गाडी सोडवा. पैसे दिले म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही.

जिल्हा ग्राहक आयोग

इथे परतावा, दोष दूर करण्याचा आदेश, नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च हे सगळं मागता येतं. कामासाठी तुम्ही दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात चालते, म्हणजे गॅरेजचे जवळपास सगळे वाद इथेच. रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. आदेश न पाळणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद, किमान २५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

कोकणासाठी या कायद्यातली सगळ्यात कामाची तरतूद म्हणजे तक्रार जिथे तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता, तिथल्या आयोगात करता येते. मे महिन्यात गावी येऊन गुहागरला काम करून घेतलेला डोंबिवलीचा चाकरमानी ठाणे जिल्ह्यात तक्रार करू शकतो. उलट, कोल्हापूरच्या वर्कशॉपने फसवलेला देवगडचा बागायतदार आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मुख्यालयी, ओरोसला करू शकतो, घाट चढायची गरज नाही. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते आणि व्हिडिओवरून सुनावणी मागायची सोय कायद्यातच आहे. मंडणगड-दापोलीहून दर तारखेला रत्नागिरी गाठायची म्हणजे अख्खा दिवस जातो, त्यामुळे हा अर्ज सुरुवातीलाच द्या.

आता दुसरी बाजू. कायदा सांगतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षं धरून चाला. तोवर गाडी तुम्हाला स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून घ्यावीच लागते. आणि सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करायचं ओझं तक्रारदारावर असतं. ‘दुसरा मेकॅनिक म्हणाला’ एवढ्यावर भागत नाही. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपचा लेखी तपासणी अहवाल किंवा परवानाधारक सर्व्हेअरचा (विम्यासाठी गाडीचं नुकसान तपासणाऱ्याचा) अहवाल असेल तर प्रकरण उभं राहतं. असा अहवाल मिळत नसेल, तर मी १८,००० रुपयांसाठी आयोगात जाणार नाही.

पक्कं बिल नाही म्हणून मात्र मागे हटू नका. बिल न देणं हीच २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. यूपीआयची नोंद, चॅट, गाडी गॅरेजात असतानाचे फोटो हे चालतं. ‘कामाची गॅरंटी नाही’ अशी पाटी भिंतीवर आहे म्हणून निष्काळजी कामाची जबाबदारी झटकता येत नाही.

मधल्या वाटा

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ मराठीतही बोलते. मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपविरुद्ध तिचा उपयोग होतो, कारण तक्रार कंपनीच्या कार्यालयात पोचते आणि खालचा सर्व्हिस ॲडव्हायझर अचानक फोन उचलू लागतो. नाक्यावरच्या गॅरेजविरुद्ध तिचा तसा जोर नाही. तिला आदेश द्यायचा अधिकार नसतो.

अधिकृत वर्कशॉपशी वाद असेल तर गाडी बनवणाऱ्या कंपनीलाही खेचावं का? कळवावं जरूर. पण २०२१ मध्ये गोव्यातल्याच एका गाडीविक्रीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, की डीलरच्या चुकीची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला जबाबदार धरता येत नाही. तेव्हा सगळी भिस्त त्या मोठ्या नावावर ठेवू नका.

लोकअदालत ही मला सगळ्यात दुर्लक्षित वाट वाटते. तालुका विधी सेवा समितीकडे दावा दाखल होण्यापूर्वीच अर्ज देता येतो, फी लागत नाही, आणि तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. त्यावर अपील नाही. गॅरेजवाला आलाच नाही किंवा तयार झाला नाही, तर मात्र काही होत नाही. पोलिसांत जाण्यात अर्थ नाही, पार्ट चोरीला गेले किंवा धमकी आली असं काही नसेल तर.

मग कोणी काय करावं

बिल दहा-पंधरा हजारांच्या आत आहे, गॅरेज गावातलं आहे आणि तो निदान गाडी बघायला तयार आहे, तर बसून मिटवा. तो फोनच उचलत नसेल तर पंधरा दिवसांची मुदत देऊन लेखी नोटीस पाठवा. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे नोटीस स्पीड पोस्टाने नोंदणीसह पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. बरीच भांडणं या पाकिटावर संपतात.

रक्कम मोठी असेल, अहवाल हातात असेल, किंवा ब्रेक-स्टिअरिंगचं काम बिघडून अपघात झाला असेल, तर तोंडी तडजोडीत वेळ घालवू नका, आयोगात जा. चाकरमान्यांनाही बहुतेक वेळा आयोगच सोयीचा. गावी येऊन बैठका मारायला रजा कुठून आणणार?

तारकर्लीला पर्यटकांसाठी गाडी चालवणाऱ्यांनी किंवा वडाप (सीटवर पैसे घेऊन प्रवासी वाहतूक) करणाऱ्यांनी एक तपासून घ्यावं. व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही. पण स्वतः चालवून त्यावर पोट भरत असाल तर ठरता. चार-पाच गाड्या ड्रायव्हर ठेवून फिरवणाऱ्याला समोरचा वकील पहिला हाच आक्षेप घेईल, आणि मग दिवाणी न्यायालय उरतं.

आयोगाची मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ‘शिमगा झाला की बघू’, ‘पाऊस ओसरू दे’ अशा तोंडी वायद्यांनी ती थांबत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याचं कारण पटवून द्यावं लागतं.