सायकलच्या बॅटरी पॅकसाठी कपॅसिटरवाला स्पॉट वेल्डर: उन्हाळा ते दिवाळी वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय होईल. करंटच्या झटक्याने सेलवर जोडपट्टी चिकटवणारं हे मशीन चांगलं आहे, घ्या. फक्त खोक्यावर छापलेला अँपिअरचा भलामोठा आकडा बघून घेऊ नका. सेलवरचा जोड टिकतो तो शुद्ध निकेलच्या पट्टीमुळे, मशीनच्या घासून स्वच्छ ठेवलेल्या टोकांमुळे आणि हाताच्या सारख्या दाबामुळे. मशीनकडून अपेक्षा एवढीच, की दिवसाची पहिली पल्स, म्हणजे करंटचा झटका, आणि शेवटची पल्स सारखीच बसावी. या मशीनने ते इतके महिने केलं.

मी स्वतःच्या आणि ओळखीतल्यांच्या सायकलींसाठी पॅक बांधतो. बहुतेक १३एस ४पी, म्हणजे १८६५० मापाचे चार सेल पॅरललमध्ये आणि असे तेरा गट सिरीजमध्ये. नॉमिनल ४८ व्होल्ट, पूर्ण चार्जला ५४.६. मोटर २५० वॅटची आणि वेग २५ किलोमीटरला बांधलेला, कारण त्यापुढे गेलं की आरटीओची नोंदणी लागते. सायकली पुण्यात वारजे, कोथरूड, बावधन या पट्ट्यात फिरतात, त्यामुळे चांदणी चौकाचा चढ रोजचाच. चढाला कंट्रोलर (मोटरला करंट पुरवणारा) १५ अँपिअरपर्यंत ओढतो, आणि एखादा जोड कच्चा असला तर तो तिथेच बोलतो.

सोल्डरिंग आयर्न घरात असताना मशीन कशाला, असं बरेच जण विचारतात. सेलच्या निगेटिव्ह बाजूला पत्र्याच्या लगेच आत गुंडाळी असते: तांब्याचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, आणि मध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा. हा पडदा १३० अंशांच्या आसपास वितळायला लागतो. सोल्डर वितळायलाच १८० अंशांच्या वर तापमान लागतं, शिवाय सेलचा डबा उष्णता पिऊन घेतो म्हणून आयर्न बराच वेळ टेकवून ठेवावा लागतो. पॉझिटिव्ह बाजूला सील आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तोही उष्णतेने बिघडतो. असा सेल त्या दिवशी चालतो, पण त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. स्पॉट वेल्डची उष्णता काही मिलिसेकंदांत संपते आणि टिपक्यापुरतीच राहते. वेल्ड झाल्यावर लगेच सेलला हात लावला तर तो गार असतो.

मी घेतलेलं मशीन बिननावाचं, ऑनलाइन मागवलेलं. आत २.७ व्होल्टचे दोन मोठे सुपरकपॅसिटर सिरीजमध्ये, करंट चालू-बंद करणाऱ्या मॉस्फेटची रांग, बाहेर दोन आखूड जाड केबल, तांब्याची टोकं आणि पायाने दाबायचा स्विच. कपॅसिटर हळूहळू भरतात आणि वेल्डच्या क्षणी मोठा करंट एकदम सोडतात, त्यामुळे घरच्या साध्या सॉकेटवर काम भागतं. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरपासून बनवलेली मशीनंही मी वापरून बघितली आहेत. ताकद भरपूर, पण संध्याकाळी लाइनचं व्होल्टेज पडलं की वेल्डही पडतो. खिशात मावणारे पेनसारखे वेल्डर ०.१ मिमीच्या पट्टीला ठीक आहेत, पण ०.१५ ला त्यांची आतली बॅटरी उतरत जाते तसे जोडही कच्चे होत जातात. सायकलच्या पॅकसाठी मी ते कुणाला सुचवणार नाही.

आता पट्टी. माझ्या मते अर्धं काम इथेच होतं किंवा बिघडतं. मी ८ मिमी रुंद, ०.१५ मिमी जाड पट्टी वापरतो. शुद्ध निकेल असेल तर तिच्या १० सेंटिमीटर तुकड्याचा रोध साधारण ६ मिलिओहम येतो. निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद दिसायला हुबेहूब तसंच, वेल्डही सहज होतं, पण रोध दुपटीच्या आसपास. एका पट्टीतून १५ अँपिअर गेले तर निकेलच्या तेवढ्या तुकड्यात साधारण सव्वा वॅट उष्णता, पोलादात अडीचच्या पुढे, आणि तीही बंद पॅकमध्ये सेलला चिकटून. वर पावसाळ्यात कापलेल्या कडांना गंज धरतो तो वेगळाच.

बुधवार पेठेत तापकीर गल्लीत पट्टी मागितली की ठरलेलं उत्तर मिळतं, “प्युअरच आहे साहेब, डोळे झाकून न्या.” मी आधी बोटभर तुकडा मागून घेतो. लोहचुंबक इथे कामाचा नाही, कारण निकेललाही तो चिकटतो. तुकडा कानशीने चांगला खरवडायचा आणि रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायचा. सकाळी खरवडलेल्या जागी तांबूस गंज दिसला तर ते पोलाद. ग्राइंडर असेल तर आणखी लवकर कळतं: पोलादाच्या लखलखीत, लांब ठिणग्या उडतात, निकेलच्या जेमतेम. एका दुकानातून आणलेला नमुना शुद्ध निघाला आणि नंतर दिलेलं बंडल पोलादाचं. गंजलेला तुकडा वाटीसकट काउंटरवर ठेवला तेव्हा बंडल बदलून मिळालं. तेव्हापासून बंडलाच्या आतल्या टोकाचा तुकडाही तपासतो.

वेल्ड मारताना दोन्ही टोकांमध्ये पट्टीला उभी खाच असावी. खाच नसेल तर बराचसा करंट वरच्या वर पट्टीतूनच एका टोकाकडून दुसऱ्याकडे पळतो आणि सेलच्या पत्र्यापर्यंत पोचतच नाही. दाब कमी पडला तर ठिणगी उडून पट्टीला भोक पडतं. जास्त झाला तर संपर्काचा रोध घटतो, हवी तेवढी उष्णता तयार होत नाही आणि टिपका नुसता वरून उमटतो. मी दोन पल्स ठेवतो, पहिली छोटी आणि दुसरी मुख्य. पहिलीने पट्टी पत्र्यावर नीट बसते, दुसरीने जोड होतो. निगेटिव्ह बाजूला अगदी मध्यावर वेल्ड टाळतो, कारण बऱ्याच सेलमध्ये तिथेच आतून टॅब (गुंडाळीची जोडपट्टी) जोडलेला असतो. पॉझिटिव्ह बाजूला बटणाभोवतीची कड ही निगेटिव्हच असते आणि मध्ये फक्त पातळ प्लॅस्टिकचं वेष्टन, म्हणून फिश पेपरची (करंट न जाऊ देणाऱ्या जाड कागदाची) चकती लावल्याशिवाय पट्टी ठेवायचीच नाही.

आणि मग ओढून बघायचं. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला मी बाद सेलवर दोन-तीन वेल्ड मारतो, पट्टीचं टोक पक्कडीत धरतो आणि सोलून काढतो. जोड पक्का असेल तर पट्टी फाटते, तिला भोकं पडतात आणि निकेलचे बारीक टिळे सेलवर राहतात. पट्टी अख्खी, गुळगुळीत निघून आली तर सेटिंग वाढवायचं. वरून दिसणाऱ्या काळपट, खोल टिपक्यावर जाऊ नका. फाटलेली पट्टी हाच पुरावा.

याचं उदाहरण ऑगस्टमध्ये समोर आलं. आमच्या सोसायटीतल्या एका ताईंनी दुसरीकडून करून घेतलेला पॅक आणला. “अरे, चार्ज फुल दाखवते आणि चढावर बंद पडते बघ.” मीटर लावला तर तेराही गट सारखे. मग मोटरवर लोड देऊन मोजलं: बारा गट ३.८ व्होल्टच्या आसपास टिकले, सातवा ३ च्या खाली गेला आणि बीएमएसने (पॅकचं रक्षण करणाऱ्या सर्किटने) लाइन तोडली. वेष्टन काढून सातव्या गटाच्या पट्टीखाली नख घातलं, आणि दोन सेलवरून ती अलगद उचलली गेली. टिपके छान चमकत होते, सेलवर मात्र निकेलचा कणही नव्हता. तिसरा सेल धड जोडलेला नव्हता, म्हणजे चौघांचं ओझं जवळजवळ एकटा चौथा ओढत होता. सुटलेल्या आणि चालत्या सेलच्या व्होल्टेजमध्ये फरक पडलेला असतो आणि तसेच जोडले तर एकातून दुसऱ्यात मोठा करंट धावतो. म्हणून आधी चारही सेल एका व्होल्टेजला आणले, मग नवी पट्टी मारली. चौथ्या सेलचा आतला रोध वाढला होता, तो बदलावाच लागला. ताईंनी पैसे पूर्ण पॅकचे मोजले होते, याचं मला मनापासून वाईट वाटलं. असं काम करून देणाऱ्याने निदान एक पट्टी ओढून बघायला हवी होती.

मशीनमध्ये इतक्या वापरानंतर काय झिजलं? टोकं, अर्थात. निकेल चिकटून ती काळी पडतात आणि पसरट होतात. थोड्या थोड्या वेळाने कानस फिरवावी लागते. सोबत आलेली संपल्यावर बोहरी आळीतून तांब्याची सळई आणून कापून घेतली, काही फरक पडला नाही. टोक धरणारा स्क्रू मात्र उष्णतेने ढिला होत राहतो, आणि ढिला झाला की गरम तिथेच होतं, वेल्ड कमजोर येतो. कामाला बसण्याआधी तो आवळणं आता सवयीचं झालंय. पायाच्या स्विचची वायर आतून तुटली, बदलली. कपॅसिटर आणि डिस्प्ले ठणठणीत आहेत. पंखा आवाज करतो, रात्री घरचे वैतागतात.

पॅकच्या टोकांना, जिथे चारही सेलचा करंट एकत्र येऊन वायरमध्ये जातो, तिथे पट्टी दुहेरी किंवा तिहेरी लावा. वायर आधी बाहेर, सेलपासून लांब, पट्टीवर सोल्डर करून घ्या आणि मग ती पट्टी सेलवर वेल्ड करा. सेल होल्डरमध्ये घट्ट बसलेले हवेत. खड्ड्यांचा हादरा होल्डरने सोसायचा, पट्टीने नाही. पावसाळ्यानंतर माझा स्वतःचा पॅक उघडून पाहिला, जोड जसेच्या तसे होते.

काम करताना अंगठी, कडं काढून ठेवा, डोळ्यांना चष्मा हवाच, आणि टेबल लाकडी असावं. बीएमएसचा प्लग लावण्याआधी त्याच्या प्रत्येक वायरवर व्होल्टेज पायरीपायरीने चढतंय ना, ते मीटरने तपासा.

तीन-चार पॅक बांधायचे असतील तर मशीन घ्या. ज्यांना वेल्डिंगच्या भानगडीत पडायचं नाही त्यांनी बोल्टने जोडायचे चौकोनी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल बघावेत. सोळा सेलचे ५१.२ व्होल्ट होतात, वजन आणि आकार वाढतो, पण कॅरिअरवर जागा असेल तर उत्तम. आणि एकच पॅक हवा असेल तर ज्याच्याकडे मशीन आहे त्याच्याकडे जा. पट्टी स्वतः तपासलेली न्या, सोबत एक बाद सेल न्या, आणि आपल्या सेलला हात लावू देण्याआधी त्याच्यावर वेल्ड मारून पट्टी समोर फाडून दाखवायला सांगा.