पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड: चढाईचा अभिप्राय

अकोले तालुक्यातील पाचनई गावातून हरिश्चंद्रगडावर जाणारी वाट ही गडाच्या सर्व वाटांमध्ये सर्वांत सोपी असून, पहिल्यांदाच गड चढणाऱ्यांनी ती निःशंकपणे निवडावी. सुरुवातीची चढण दमछाक करते. मात्र पुढे कातळकड्याच्या पोटातून, डोक्यावर झुकलेल्या खडकाखालून जाणारा आडवा टप्पा इतका देखणा आहे की, मला तोच या वाटेचा सर्वोत्तम भाग वाटतो.

माथ्यावरील हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव मंदिर घाईने पाहू नये. योगी चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ याच परिसरात लिहिला. जवळच्या केदारेश्वराच्या लेण्यात कमरेइतक्या गार पाण्यात भव्य शिवलिंग आहे आणि त्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच आज अखंड उरला आहे. हे खांब चार युगांचे असून शेवटचा कोसळला की कलियुग संपेल, अशी लोकश्रद्धा आहे. पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालताना पाय अक्षरशः बधिर होतात. मोडलेल्या खांबाचा लोंबता तुकडा तेव्हा अगदी डोळ्यांसमोर येतो.

अर्धवर्तुळाकार कोकणकडा दुपारनंतर पाहावा. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांना येथेच वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसले होते. कडा अंतर्वक्र असल्याने काठावर उभे राहणे जिवावर बेतू शकते, म्हणून पालथे झोपूनच खाली पाहावे.

गडावरील झापांत (झोपड्यांत) मिळणारी पिठलं-भाकरी उत्तम असते. सुट्टीच्या दिवशी मात्र गर्दी आणि प्लास्टिकचा कचरा मनाला फार लागतो; शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी जावे.